सोलापुरी चादरीची चार टोकं

आमच्या घरी आईला बाई म्हणायची पद्धत होती आणि वडिलांना अण्णा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे भांडण आहे ते या दोघांचंच आहे. अण्णांचा राग म्हणजे गप्प बसणं आणि बाईचा राग म्हणजे भांडी आपटणं. सोनईच्या आमच्या घरात सकाळी जाग यायची ती विहिरीवरच्या इंजिनाच्या टुकटुकीनं आणि बाईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. त्या थापण्यावरून मला अंथरुणातच कळायचं की आज दोघांचं बरं आहे का काही बिनसलंय. बाई अंगानं भरलेली, आवाजानं मोठी आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबूनसुद्धा न थांबणारी. अण्णा काटक, पटका कायम नीट बांधलेला, आणि चार लोक काय म्हणतील या काळजीत अर्धं आयुष्य घालवलेले. अशी माणसं एकमेकांना कशी मिळतात, देव जाणे.

बाजाराच्या दिवशी गावात डोंबारी यायचे. वेशीजवळच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून दोर ताणायचे, ढोलकं वाजायला लागायचं, आणि इकडं बाईचा हात परातीतच थांबायचा. "पोर चढली वाटतं," म्हणत ती पिठाच्या हातानं उठायची आणि चालू लागायची. तव्यावरची भाकरी तव्यावरच. मी पळत जाऊन उलथली तर ठीक, नाहीतर आमच्या घरात बाजाराच्या दिवशी करपलेली भाकरी ठरलेलीच. बाई दोराखाली जाऊन उभी राहायची, पदर दोन्ही हातांनी पसरून, मान वर करून, आणि वर पोरगी जशी सरकेल तशी ही खालून सरकायची. बाकीचं गाव खेळ बघायचं. बाईला आयुष्यभर त्या खेळातले फक्त पोरीचे तळवे दिसले असतील.

डोंबारीण तिला ओळखून होती. एकदा हसून म्हणाली, "मावशे, तुमच्या पदरात मावती व्हय माझी पोर?" बाई वरची नजर न काढता म्हणाली, "न्हाई मावली तर माझ्या अंगावर पडंल. भुईपरीस मऊ हाय मी." सगळा बाजार खो खो हसला. डोंबारीणही हसली, पण तिचं अर्धं लक्ष वर असायचं. पोरगी मध्यावर आली की ती दर वेळी एकच ओरडायची, "मधी वळायचं न्हाई गं! निम्म्यात माघारी वळलं का तोल जातोय. पल्याड पोचूनच उतरायचं." ते आम्हा पोरींना इतकं पाठ झालं होतं की बांधावरून चालतानासुद्धा आम्ही ते एकमेकींना ओरडून सांगत असू.

अण्णांना हे सगळं अजिबात खपायचं नाही. जेवताना ते ताटाकडं बघत म्हणायचे, "बागाईतदाराची बायकू भर बाजारात दोरीखाली उभी ऱ्हाती. लोक हसत्यात." बाई म्हणायची, "हसू द्या की. दात हायेत त्यांना." आणि करपलेली भाकरी अण्णांच्या ताटात वाढायची.

माझी थोरली बहीण शालन, आमची अक्का, नगरला नर्सिंग शिकली आणि बरोबरच्या मुलींसोबत जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरीला गेली. दोन वर्षांनी परत यायचं, ही अण्णांची अट. ती गेली तेव्हाच जामखेडकडच्या एका ओव्हरसियरशी तिची सुपारी फुटली होती. मुलगा चांगला होता, थांबायला तयार होता. दोन वर्षं सरली आणि अक्कानं कळवलं की तिला ऑपरेशन थिएटरचं काम शिकायचंय, अजून तीन वर्षं लागतील. अण्णांनी ते ऐकलं आणि जे गप्प बसले ते आठ-दहा दिवसांनी एकदम बोलले, "तू जा. हाताला धरून आन तिला. माझं ऐकायची न्हाई, तुझं मोडायची न्हाई." बाईनं विचारलं, "आन् न्हाई म्हनली तर?" अण्णा म्हणाले, "तर तूबी येऊ नगंस." रागात म्हणाले, पण म्हणाले.

मी नुकतीच अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, होऊन घरी बसले होते. इंग्रजीत पास झाले होते, तेवढ्या भांडवलावर मला सोबत म्हणून धाडलं. तिकडं इंग्रजी कुणी बोलत नाही हे तिथं गेल्यावर कळलं! थंडीसाठी अण्णांनी भिंगारच्या बाजारातून मिलिटरीचा जुना लांब कोट आणला. बाईनं तो एकदा अंगावर घातला, आरशात बघितलं आणि इतकी हसली की खालीच बसली. "मी काय बंदूक घिऊन निघाले व्हय?" म्हणाली, आणि पेटीतली लाल-काळ्या चौकड्यांची सोलापुरी चादर काढून खांद्यावर टाकली. ती चादर मग विमानात, ट्राममध्ये, रस्त्यावर, सगळीकडं तिच्या अंगावर. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, कुरडया आणि शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ. "पोरगी दोन वर्सं शेंगोळ्याबिगर ऱ्हायली," हे तिनं विमानतळावरच्या साहेबाला मराठीत समजावून सांगितलं आणि त्यानं पिशवी सोडली.

अक्का विमानतळावर आली ती कोट-स्कर्टमध्ये, केस कापलेले. बाईनं तिला नखशिखान्त बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "वाळलीस." मग दोघी रडल्या. परत येण्याचा विषय मात्र बाईनं काढला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्याही नाही. अक्काच्या छोट्या खोलीत शेंगोळे शिजले, लसणाच्या वासानं शेजारच्या मुली दारात आल्या, बसून जेवल्या, डोळ्यांतून पाणी काढून पुन्हा वाढून घेतलं. अक्का काम कसं असतं ते सांगत राहिली आणि बाई ऐकत राहिली. मी मध्ये बसून वाट बघत होते की आता निघेल, आता निघेल.

शनिवारी अक्काला सुट्टी होती. शहराबाहेर एक मोठं करमणुकीचं पार्क होतं, तिथं तिनं आम्हाला नेलं. मला वाटतं तिला मोकळ्या जागी बोलायचं होतं. आत शिरताच पितळी बाजा वाजत होता, लाल कपड्यांतली माणसं मिरवत निघाली होती. बाई थांबून म्हणाली, "लगीन कुनाचं हाय?" अक्का म्हणाली, "कुणाचंच नाही बाई, रोजच असतं." बाईला ते पटलं नाही. लग्नाशिवाय बाजा म्हणजे तिला मिठाशिवाय पीठ वाटत असणार. पण रंगली हो ती! लाकडी बाहुल्यांचा खेळ, नाचरी कुत्री, बांबूवर चालणारा एक उंच माणूस, सगळ्यांपुढं थांबून हसत होती आणि अवतीभवतीची पांढरी पोरं तिच्या चादरीला हात लावून बघत होती. एका जादूवाल्यानं गर्दीतून तिलाच हेरलं आणि सगळ्यांसमोर तिच्या चादरीतून अंडं काढलं. बाई किंचाळलीच, "आरं मुडद्या, शनवार हाय माझा! अंडं कुठं काढतोस?" आमच्या भागात शनिवार मोडणं म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नाही. तो बिचारा घाबरून अंडं मागं लपवायला लागला आणि लोक हसून हसून वाकले. आम्ही तिघी बाकावर बसून तळलेले बटाटे लसणाच्या चटणीशी खाल्ले. अक्का मला हळूच म्हणाली, "आज सांगते तिला." मी म्हटलं, "सांग गं एकदाचं."

आणि तेवढ्यात ढोल वाजला. गोल मोकळ्या जागेत दोन खांब, माडीइतके उंच, आणि मध्ये तार ताणलेली. खाली जाळी नाही, नुसती वाळू. भोवती लाल दोरी बांधून लोकांना मागं ठेवलेलं. एक मुलगी खांबावर चढली. अक्काच्याच वयाची, चमचमणारे कपडे, पाय अनवाणी. तिनं तारेवर पाऊल ठेवलं आणि मी बाजूला बघते तर बाई नाही. चटणीची पुडी बाकावर. बाई लाल दोरीखालून वाकून आत शिरली होती आणि तारेखाली जाऊन उभी, चादर दोन्ही हातांनी पसरून, मान वर.

अक्काचा चेहरा पांढरा पडला. त्या गर्दीत तिच्या दवाखान्यातली दोन-तीन माणसं होती. ती धावत आत गेली, मी तिच्या मागं. "बाई, चल बाहेर! इथं असं करत नाहीत. लोक बघतायत." बाईनं मान खाली केली नाही. "वरडू नगं. पोर वर हाय." तोवर टोपीवाला रखवालदार आला, हा एवढा धिप्पाड, झुबकेदार मिशांचा, आणि बाईच्या दंडाला धरणार एवढ्यात वरची मुलगी थांबली. बरोबर मध्यावर. खाली बघत. ढोल बंद झाला. सगळं पार्क एकदम गप्प, आणि ती तार हळूहळू हलायला लागली. बाई खालच्या आवाजात म्हणाली, "शाले, धर हे टोक. एकटीनं झोळी हुत न्हाई. सुमे, तू त्ये धर." आम्ही धरली. काय करणार? चौथं टोक लोंबत होतं. बाईनं रखवालदाराकडं डोळे वटारले. "आरं बघत काय उभा ऱ्हायलास बाप्या, धर की!"

त्यानं धरलं. आईशप्पथ, धरलं. मराठी त्याला काय कळणार, पण घरी त्यालाही आई असणारच. मग बाईनं वर बघून आपल्या नेहमीच्या बाजारातल्या आवाजात हाळी दिली, "मधी वळायचं न्हाई गं पोरी! चाल! पल्याड जा!" आणि ती मुलगी चालली. एक पाऊल तिचं, एक पाऊल आमचं. आम्ही चौघं ती सोलापुरी चादर ताणून वाळूतून सरकत होतो. अक्कानंही टोक सोडलं नाही. मुलीनं पलीकडचा खांब धरला आणि जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! लोकांना वाटलं आम्ही खेळातलेच. रखवालदार टोपी काढून वाकला सुद्धा.

परवा माझ्या लेकीनं मला परदेशातल्या असल्याच एका पार्कात नेलं होतं. आता फार मोठं असतं सगळं. आगीतून उड्या, पाण्यातून मोटारी, कमरेला पट्टे बांधलेली माणसं आकाशातून उतरतात. मी मनापासून टाळ्या वाजवल्या, मजा आली. पण एक मुलगी वरून झेपावली तेव्हा माझे हात आपोआप खांद्याकडं गेले. खांद्यावर काही नव्हतं. पंजाबी ड्रेसवर ओढणी घ्यायचीसुद्धा मी कंटाळा केलेला. लेक म्हणाली, "आई, काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही."

तर तेव्हाची ती तारेवरची मुलगी खाली उतरून सरळ बाईकडं आली. बाईनं तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. ती दचकली, मग हसली, आणि तिनंही तसंच करून बघितलं. तिची बोटं मोडली नाहीत. बाई अक्काला म्हणाली, "इचार तिला, आई कुठं हाय तिची? अशा वक्ताला कुठं बसली?" मुलीनं मागच्या गाड्यांकडं हात केला. तिथं त्यांची चाकांची घरं होती. एकात तिची आई बटाटे सोलत बसलेली, रेडिओ मोठ्यानं लावून. ढोल ऐकू येऊ नये म्हणून. आम्ही आत गेलो तशी तिनं आधी लेकीचे पाय बघितले, मग रेडिओ बंद केला.

बाईनं विचारलं, "खाली उतर म्हनत न्हाई तू तिला?" अक्का दोन्हीकडचं बोलणं सांगत होती. मुलीची आई म्हणाली, "रोज म्हणते. ती ऐकत नाही. मग मी जेवण करते." बाईला हसू फुटलं. हसता हसताच ती खाली बसली, सुरी ओढून घेतली आणि बटाटे सोलायला लागली. दोघी बायका किती तरी वेळ तशाच बसल्या होत्या. थोड्या वेळानं बाहेर पुन्हा ढोल वाजला. मुलीच्या आईचा हात रेडिओकडं गेला तो बाईनं धरला, आणि टाळ्या वाजेपर्यंत धरून ठेवला. अक्का दारात उभी राहून ते बघत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं तोंड फिरवून डोळे पुसले.

परतीच्या ट्राममध्ये बसलो तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं. शेवटी अक्काच म्हणाली, "बाई, तू कशाला आलीस ते मला माहीत आहे. मी येते तुझ्याबरोबर. अण्णांना दुखवून मला नाही काही शिकायचं." मी बाईकडं बघितलं. मला वाटलं सुटली बिचारी, आता सुखानं घरी जाईल. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "निम्म्यावर आलीयास तू. आता वळायचं न्हाई."

"आणि अण्णा?"

"त्येंचं मी बघते."

निघायच्या दिवशी तिनं चादर अक्काच्या खांद्यावर टाकली आणि नऊवारीवर नुसत्या पदरानं विमानात बसली. सगळा रस्ता कुडकुडली. मला वाटतं ती थंडी सगळीच हवेची नव्हती. तूबी येऊ नगंस, असं म्हटलेल्या माणसाच्या घरी ती चालली होती.

नगरच्या स्टँडवर अण्णा उभे होते, हातात पेरूंची पाटी. अक्काला आमच्या मळ्यातले पेरू फार आवडायचे. आमच्या मागून अजून कुणी उतरतंय का म्हणून ते बसच्या दाराकडं बघत राहिले. सगळे उतरले, कंडक्टर उतरला, तरी बघत राहिले. बाई म्हणाली, "आन्ली न्हाई. ती येत हुती, मीच नगं म्हनले." अण्णांनी पाटी खाली ठेवली. घरात घेतलं त्यांनी बाईला, तेवढी माणुसकी होती. पण बोलणं बंद. जामखेडचं लग्न मोडलं, मुलाचं दुसरीकडं झालं, दिवाळी आली आणि गेली, तरी अण्णा बाईशी एक शब्द बोलले नाहीत. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "सुमे, मीठ मागून घे." समोर बसलेल्या बाईकडून! बाईनंही भांडी आपटायचं सोडून दिलं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. भाकरी थापायचा आवाज इतका हळू झाला होता की मला सकाळी जाग यायची नाही.

अक्का पुढं पूर्ण शिकूनच परत आली. तिचं आयुष्य नगरमध्येच गेलं आणि ती चादर आता माझ्याकडं आहे, एका टोकाला उसवलेली. पण ते सगळं नंतरचं.

तेव्हाचं सांगते. बाजाराचा दिवस होता. अण्णा जेवत होते, बाई भाकऱ्या करत होती आणि वेशीकडून ढोलकं ऐकू आलं. आम्ही जर्मनीहून आल्यापासून डोंबारी पहिल्यांदाच आले होते; पावसाळाभर ते गावाकडं फिरकले नव्हते. बाईचा हात परातीत थांबला. तिनं एकदा अण्णांकडं बघितलं आणि पिठाच्या हातानं उठून गेली. मी तव्याकडं धावले. भाकरी उलथली, वळून बघते तर अण्णांच्या पाटावर कुणी नाही. अर्धी भाकरी ताटात, खुंटीवरची घोंगडी गायब.

मी सगळं टाकून पळत सुटले. वेशीपाशी ही गर्दी. वर दोरावर पोरगी, खाली बाई पदर पसरून. आणि अण्णा, चार लोकांना भिणारे आमचे अण्णा, भर बाजारात गर्दीतून वाट काढत दोराखाली आले. पटका सुटलेला. त्यांनी घोंगडी उलगडली, दोन टोकं स्वतः धरली आणि उरलेली दोन बाईपुढं केली. बाईनं पदर सोडून ती धरली. बाजार बघत होता.

"नीट ताण की," अण्णा म्हणाले. नगरच्या स्टँडनंतर त्यांचा तिच्याशी हा पहिला शब्द. "ढिली सोडू नगंस."

"ताणलीया," बाई म्हणाली. "तुमी वर बघा."

घरी तव्यावरची भाकरी साफ जळाली होती. अण्णांनी ती मागून घेऊन खाल्ली.